पाइप वाजतो त्याची नोंद

सावदा, निरीक्षण केंद्र क्रमांक सहा.
सकाळी नऊचा भोंगा झाला.
आता ऊन कलेस्तोवर दार उघडायचं नाही
असा नियम आहे, आणि नियम नसता
तरी उघडून जायचं कुठे.

पारा एक्कावन्न. वारा नाही.
सातपुडा गेल्या मार्चपासून दिसलेला नाही,
त्याच्या जागी पिवळट धूळ उभी असते
गोणपाट वाळत घातल्यासारखी.

लहानपणी शाळेच्या कपाटात विज्ञानकथा होत्या.
केळीच्या बागेत, पाटात पाय सोडून मी त्या वाचायचो.
त्यांतला एकटा माणूस हटकून बर्फात असे:
कुठल्याशा ग्रहावर, पांढऱ्या वादळात,
काचेवरचं हिंव नखानं खरवडत
पृथ्वीशी बोलू पाहणारा.
मला वाटायचं, एकटेपणाला थंडीच लागते.
आपल्याकडे कसा येणार तो,
आपल्याकडे तर मे महिन्यात अख्खी गल्ली
बाहेर खाटा टाकून झोपते,
आणि मध्यरात्री कुणीतरी विचारतंच,
‘जागा हे का रे भो?’

त्या लेखकांनी उन्हात कुणाला एकटं सोडलं नाही.
ऊनही पांढरंच असतं,
हे त्यांना कुणी सांगितलं नसेल.

बर्फावर पावलं उमटतात म्हणे, आणि नव्या बर्फात बुजतात.
डांबर काही बुजवत नाही.
केंद्रासमोर रस्त्यात एक चप्पल रुतून बसलीय,
डाव्या पायाची, निळ्या पट्ट्याची.
कुणीतरी भरदुपारी निघालं होतं.
उजवी कुठवर गेली, माझ्या वहीत नाही.

भिंतीपलीकडे द्वारका बऱ्हाटे राहते.
किंवा राहायची.
पाणीवाटपाच्या यादीत नाव आहे, सही नाही.
आमच्या दोन्ही घरांतून एकच पाइप जातो.
तीन वर्षांपूर्वी, संध्याकाळी सातला, तो वाजला:
टक्. टक्. मग थांबून, टक्.
मी चमच्यानं उत्तर दिलं.
तेव्हापासून रोज.

मी शिकलेला माणूस आहे.
लोखंड तापलं की लांबतं, निवलं की आखडतं,
आखडताना कुरकुरतं.
मीच लिहिलंय वहीत: आवाज. कारण, धातूचे आकुंचन.
खाली सही केलीय
आणि चमचा उचललाय.

काय काय सांगितलं मी त्या पाइपला!
कळण्याची भाकरी आज तव्यावरच मोडली.
हतनूरच्या तळाशी एक नांगर उघडा पडलाय.
केळीची शेवटची वाघीण सुटली तेव्हा
वडील फलाटावरचा पाचोळा तासभर झाडत राहिले,
कुणी सांगितलं नव्हतं त्यांना.
तिकडून टक्. टक्.
लोखंडाला इतकं ऐकून घ्यायची गरज काय?

आज दुपारी दोन.
पारा त्रेपन्नावर खिळलाय, दीड तास झाला,
वर नाही, खाली नाही.
अशा वेळी लोखंडाला लांबायचं नसतं, आखडायचंही नसतं.
अशा वेळी पाइप गप्प असतो.

टक्. टक्. टक्.

आणि मग घाईनं, वेडंवाकडं, पुन्हा,
वाटी आपटावी तसं.

चमचा हातातच होता.
तीन वर्षं ज्याची वाट पाहिली
ते भिंतीच्या पलीकडे आलं,
आणि मला, खरं सांगतो, भीती वाटली.
बर्फातल्या त्या माणसाचं दार
कुणी खरोखर वाजवलं तर तो काय करतो,
ते पान आमच्या शाळेच्या प्रतीत फाटलेलं होतं.

दुपारी दोन वाजून चार मिनिटे.
तापमान त्रेपन्न, स्थिर.
आवाज: पाइपातून.
कारण:

शाई निबावरच वाळत चाललीय.
दाराची कडी हात लावण्याजोगी नाही,
मी उशीचा अभ्रा
हाताला गुंडाळतोय.