दोन कला वजा

हेस्लपसाहेबांनी वेळ घेतली होती पावणेबाराची.
साउथ शील्ड्समध्ये धुकं असलं
की माझ्या चष्म्याच्या दुकानात सहसा कुणी फिरकत नाही.
काखेत लाकडी पेटी.
डोळे मागाहून, म्हणाले, आधी हे बघ.

पितळी सेक्स्टंट. हिरव्या मखमलीत
पाय दुमडून बसलेल्या खेकड्यासारखा.
दोन आरसे, वीतभर दुर्बीण,
रंगीत काचा चार. म्हणजे, जागा चारची.
काळी काच नव्हती.

"गिनीच्या आखातात फुटली, एकसष्ट साली.
कप्तानाला दुपारचा सूर्य रोज हवा.
मी लाल काचेवर भागवलं. तेवीस दिवस."

मग त्यांनी माझ्या यंत्रावर हनुवटी टेकवली.
उजव्या डोळ्याच्या तळाशी, ऐन मध्यावर,
पिवळट ठिपका, मोहरीहून लहान,
काठ असे स्वच्छ
की कुणी मोजून ठेवलाय.
तेवीस दुपारी हा माणूस
सूर्याला ओढून पाण्यावर टेकवत होता;
एक कपचा आत राहून गेला.

समोरचं बघायला ते किंचित बाजूला बघतात.
बायकोला वाटायचं, हा खोटं बोलतोय.

चष्म्यानं हे जमणार नाही, मी सांगितलं.
"ठाऊक आहे. मला फक्त
पट्टीवरचे आकडे वाचणारं कुणीतरी हवंय."

दारात उभी राहिले. रस्त्यापलीकडच्या
फिश-अँड-चिप्सवाल्याच्या पाटीचा निळा दिवा
आरशात धरला,
दांडा सरकवत सरकवत खाली आणला
त्याच्याच उंबऱ्यावर.
हात हलला तसा तो हिंदकळला, मग टेकला.

"किती?"

अकरा अंश, सोळा
(मिनिटं म्हणायचं होतं, तोंडून आलं) कला.
वडील पत्रिका मांडताना असंच पुटपुटायचे:
अंश, कला, विकला.
हेस्लपांनी तो शब्द दोनदा चघळून पाहिला.
"मग त्यातल्या दोन कला वजा कर."

झाकणाच्या आत चिकटवलेला कागद, तपकिरी पडलेला:
या यंत्राची चूक, दोन. वजा करावी.
सही. तारीख अडतीस सालची.

कार्डावर मी लिहिलं:
उजवा, मध्यावर काही दिसत नाही.
डावा, वयाच्या मानानं ठीक.
त्याखाली अकरा अंश, चौदा कला.
ते का लिहिलं, कुणास ठाऊक.

पुढची तारीख कधीची देऊ, विचारलं.
"ऊन पडेल त्या दिवसाची," म्हणाले,
पेटीची कडी लावत.
म्हणजे बहुधा जून.