पहिली धार

मनामात, अदलियाच्या मागच्या गल्लीत,
दुकानाची काच बाहेरून काळी.
आत मी. छातीवर बिल्ला: शेवंती, सल्लागार.
ए.सी. एकोणीसवर,
माणसांसाठी नव्हे, बाटल्यांसाठी.

गिऱ्हाईक विचारतं, हा बाराचा आकडा कसला?
मी सांगते, वय.
आत वीस वर्षांचीही मिसळलेली असेल, पंचविसाचीही,
पण लेबलवर लिहायचं ते सगळ्यांत धाकटीचं.
आणि बाटलीत वय वाढत नाही.
लाकडात असेपर्यंतच काय ते वाढायचं.
माळ्यावर तीस वर्षं ठेवलीत
तरी बारा ती बाराच.
गिऱ्हाईक खट्टू होतं.
त्याच्या सासऱ्याने ठेवलेली असते.

गुरुवारी रात्री पुलापलीकडच्या गाड्या येतात.
त्यांना शब्द नको असतात, पिशवी जाड हवी असते.
शब्द लागतात ते खारकर साहेबांना.
सित्र्याच्या रिफायनरीत मनोऱ्याखाली अठ्ठावीस वर्षं.
कच्चं तेल काय नि माल्ट काय, म्हणतात,
कुठे तोडायचं ते कळलं पाहिजे.

हेड, हार्ट, टेल.
पहिली धार बाजूला, शेवटची बाजूला,
मधलं काळीज तेवढं पिंपात.
हे मी तीन दिवसांच्या कोर्समध्ये शिकले.
पडद्यावर तांब्याचं भांडं, मान बगळ्यासारखी.
शिकवणारा म्हणाला, पहिली धार कुणी पीत नाही.
मला हसू आलं. तो थांबला.
म्हटलं, काही नाही, चालू द्या.

आमच्या खाडीत पहिल्या धारेची म्हटलं
की माणसं वाट वाकडी करून यायची.
बा मात्र पहिला तांब्याभर चिखलात ओतायचा.
चिंबोऱ्यांना, म्हणायचा.
त्याला कुणी कोर्स दिला नव्हता.
पलीकडच्या आळीतल्या दोघांचे डोळे गेले होते, एवढंच.
मग जी यायची
ती पहिल्या धारेची म्हणून विकायचा.
वर काडी ओढून दाखवायचा:
निळी पेटली, म्हणजे खरी.

प्रूफ म्हणजे पुरावा, साहेब सांगतात.
पूर्वी बंदुकीच्या दारूवर ओतायचे
आणि पेटते का बघायचे.
पुरावा मला माहीत आहे.
अलिबागच्या कोर्टात टेबलावर होता:
क्वार्टरची बाटली, बुचावर लाख,
चिकटवलेल्या कागदावर बाचं नाव,
वय एक्केचाळीस.
बा पुढल्या शिमग्याला गेला.
बाटली मुद्देमालाच्या खोलीत असेल अजून.

परवा साहेबांनी एक बेटावरची उघडली, धुराची.
मी पीत नाही. माझं फक्त नाक.
त्यांच्या वहीत आधीच लिहून झालं होतं:
ओली राख, आयोडीन, जुना दोर.
तू सांग, म्हणाले.
पेला हनुवटीशी धरला, तोंड किंचित उघडं,
शिकवलं होतं तसं.
तिवराचं ओलं लाकूड, म्हटलं.
तळाला लागलेला काळा गूळ.
आणि लाँचचा आवाज आला म्हणून
घाईघाईने चुलीत ओतलेलं खारं पाणी.
साहेबांचं पेन वर राहिलं.
हे इंग्रजीत कसं लिहू?
नका लिहू, म्हटलं.

दुकान बंद करताना उरलेला नमुना
बेसिनमध्ये ओतायचा, नियम आहे,
आणि रजिस्टरात घट दाखवायची.
पिंपातून हवेत उडते तिला देवदूतांचा वाटा म्हणतात,
पण आमच्याकडे त्याला रकाना नाही.
मी पेला तसाच झाकून बाहेर नेला.
तुबलीच्या खाडीत तिवरं आहेत, इथेही,
बसमधून दिसतात. आज उतरले.
ओहोटी होती.

सकाळी रजिस्टर भरलं:
घट, तीस मिली.
कारण: चिंबोऱ्या.
बिजूने न वाचता सही केली.