तिरकी विहीर

सुखनिवासच्या बाजूला, रात्री दीडला,
हेलियम संपत आलेलं.
क्रायोस्टॅटच्या नळीवर दव धरतंय
आणि मालवीयजी सिलिंडरच्या काट्याकडे
उपाशी यजमान पाहुण्याच्या ताटाकडे पाहतो तसे पाहतायत.

नीलमच्या चकतीवर गॅलियम नायट्राइड,
त्यात इंडियम मिसळलेला एक थर,
तीन नॅनोमीटर.
प्रबंधात मी त्याला पुंज-विहीर म्हणते.
दोन्ही काठ उंच, तळ सपाट,
असं आकृतीत.

खरी विहीर तिरकी आहे.
स्फटिक ताणला गेलाय, त्या ताणातून वीज उपजलीय,
कुणी तार न जोडता,
आणि तळ एका अंगाला कलंडलाय.
इलेक्ट्रॉन ह्या भिंतीला,
त्याची रिकामी जागा पलीकडच्या.
मधे तीन नॅनोमीटर,
तरी भेटायला किती वेळ लावतात!
भेटले की उजेड पडतो, पण मंद,
हवा त्याहून जरा हिरवट.

बाबा राऊला पंप दुरुस्त करायचे.
विहिरीत उतरण्याआधी खडा टाकायचे,
ओठांतल्या ओठांत मोजायचे
आणि डुबुक् ऐकू आलं की किती पाइप लागतील ते सांगायचे.
मी लेझर टाकते.
आवाज येत नाही, पडद्यावर टेकाड येतं,
चारशे बाहत्तरवर.

हल्ली त्यांना झोप नसते. फोन केला.
"किती खोल?"
सांगितलं.
बराच वेळ हसले. मग धंद्याचा आवाज:
"पाणी लागून राहिलंय का?"
लागलंय, पण विहीर कललीय, बाबा.
"मग उपसत काय बसलीस? भर.
भरली की पाणी आपली पातळी धरतं.
बांधणाऱ्याची चूक त्याला कुठे ठाऊक असते?"

फिल्टर काढला. एक, मग दुसरा.
आत गर्दी वाढली
तशी त्या उपजत विजेची धार बोथटली,
टेकाड सरकू लागलं:
अडुसष्ट. चौसष्ट. एकोणसाठ.
"नीला हो रहा है,"
दूध उतू चाललंय अशा घाईनं मालवीयजी म्हणाले.

अगदी सरळ नाही झाली. होणारही नाही.
आणखी ओतलं तर नमुना तापेल,
टेकाड आल्या वाटेनं परत फिरेल.
तिथेच थांबले. वहीत वेळ लिहिली.

लेझरचा चष्मा केशरी काचेचा,
नेमकं निळंच अडवतो.
ठिपका मी पाहिलाच नाही.
नुसता आकडा,
आणि काठावर वाकून
कान लावल्यासारखी मी.