शिकणे : चालू

पटाच्या कोपऱ्यात एक चौकट आहे. टिचकी मारली
की प्रोग्रॅम शिकतो, म्हणे.
मी सव्वीस वर्षं भोईवाड्याच्या रात्रशाळेत गणित शिकवतोय,
मला असली चौकट कुणी दिली नाही.

म्हणून मे महिन्याच्या सुट्टीत मोजायला बसलो.
दोनशे डाव चौकट चालू ठेवून, दोनशे बंद,
समोर त्याच्याच तोलामोलाचा दुसरा.
रात्रभर ते दोघं खेळायचे,
मी उशाशी वही ठेवून पडायचो,
पंखा कुठला आणि संगणक कुठला, आवाजावरून कळायचं नाही.

सतराव्या डावात त्याचा घोडा फुकट गेला, अकराव्या खेळीला.
अठराव्यात त्याच जागी आलं
आणि थबकलं.
उंट काढला.
मी उठून बसलो. पहाटे तीनला चहा केला, साखर जास्त घालून.

मग खोडसाळपणा सुचला.
कडेचं एक प्यादं एक घर पुढे सरकवून ठेवलं, बाकी मांडणी तीच.
घोडा गेला.
दुधानं तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितो,
हे फक्त तेच दूध फुंकतं, त्याच पेल्यातलं.

जूनमध्ये बेरीज केली.
चालू : एकशे सात. बंद : एकशे दोन.
एवढा फरक नाणं उडवूनही पडतो.
फाईल मात्र फुगून टम्म झालेली,
नुसत्या ठेचांची वही, पाय कुणाचाच नाही.

शाळा उघडली.
झाकीर मुकादम, लालबागच्या एका टॉवरमध्ये लिफ्टमन,
दहावीला तिसऱ्यांदा.
अ अधिक ब, कंसाचा वर्ग :
तीन वर्षं त्याचं उत्तर एकच, अ वर्ग अधिक ब वर्ग.
मधलं पद कायम तळमजल्यावर राहिलेलं.

काल फळ्यापाशी थांबला. खडू दाताला लावला.
आणि मधे लिहिलं, अब.
दोन अब नव्हे. नुसतं अब.

चूकच. पण ही चूक मी त्याच्या हातून कधी पाहिली नव्हती.
कुठून आणलंस रे?
म्हणाला, सर, स्टुलावर बसून पुठ्ठ्याचा चौकोन कापला, खालपासून वरपर्यंत जाताना.
दोन चौकोन निघाले, एक लांबट तुकडा उरला.
अजून एक असणार, जागा रिकामी दिसते,
पण मधेच बाराव्या मजल्याची घंटा वाजली.

साडेनऊ झाले होते. त्याची दहाची पाळी.
मी वही उघडली. रकाने दोनच आखलेले.