तिसऱ्या रिळातली वैरण

इंग्रजी आमच्यात कुणालाच येत नव्हतं.
इलाही बागवानाला पाचवीतल्या अर्ध्या वर्षाचं येत होतं,
म्हणजे रंग, फळं आणि आठवड्याचे वार.
तेवढ्यावर त्यानं अख्खं अवकाश पेललं.

लक्ष्मीपुरीतली टॉकीज, सगळ्यात पुढचे बाक,
उद्यमनगरातनं सुटून आलेलो आम्ही नऊजण,
नखांत ओतकामाची काळी वाळू,
आणि पडद्यावर ते गंजकं यान:
एक पाय वाकडा, म्हणून उतरताना
बसकण मारणाऱ्या म्हशीगत
आधी पुढनं झुकायचं.

इलाही शेंगा विकत विकत सांगायचा.
बऱ्याचदा पडद्याकडं पाठ असायची, तरी सांगायचा.
पांढऱ्या दाढीचा कप्तान ओठ हलवायचा
आणि अंधारातनं आवाज यायचा,
"म्हणालाय, ह्या गावात पाणी न्हाई, पुढं चला."
यंत्रमाणूस तीनदा शिटी मारायचा.
"म्हणालाय, मालक, पगार कधी?"
सगळं थिएटर हसायचं. मग गप्प व्हायचं,
कारण खिडकीबाहेर
मिठाचा तो पांढराफेक ग्रह वर यायचा
आणि तिथं इलाहीपण काही बोलायचा नाही.

मी लेथवरचा माणूस.
मला आवडायची ती इंजिनाची खोली.
दात झिजलेली चाकं, घासलेटचा वास येईलसं वाटणारा उजेड,
आणि गळक्या पाइपाला गुंडाळलेली चिंधी.
एवढ्या पुढच्या काळातसुद्धा
कुणीतरी गळती चिंधीनं थांबवतंय,
ह्याचा मला किती धीर आला, काय सांगू.
चौथ्या खेपेला ध्यानात आलं:
दाराला बाहेरून सहा बोल्ट, आतून पाचच.
कुणाला बोललो नाही.
आपल्या माणसाचं उणं चारचौघांत काढू नये.

आणि मग तिसरं रीळ.
यान तुटतंय, पोरगं पलीकडं, कप्तान अलीकडं,
मध्ये एकच दोर, आणि म्हाताऱ्याच्या हातात कात्री.
तो काचेतनं बघतो. सावकाश काहीतरी बोलतो.
इलाहीचा आवाज तेव्हा वेगळाच यायचा,
"म्हणालाय, पोरा, वैरण टाकलीया.
तू मागं बघू नगंस."
खच्च.
दत्तू लोहार, पन्नास किलोची मूस एका हातानं सरकवणारा,
सदऱ्यानं डोळे पुसायचा. अकरा वेळा पाहिला,
अकरा वेळा पुसले.

सुटलो की गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर.
समोर पिळलेलं, कोमट, फेसाळ,
ओठावर पांढरी मिशी घेऊन आम्ही वर बघायचो.
कुठल्या चांदणीवर मीठ असेल, ह्यावर
एकदा हाणामारीपर्यंत आलं.

परवा नातवानं तो पिक्चर लॅपटॉपवर लावला,
खाली मराठीत ओळी.
यंत्रमाणूस पगार मागत नाही.
तो फक्त तापमान सांगतो.
आणि कप्तान काच धरून म्हणतो,
"झडप बंद कर. हवा चार मिनिटं पुरेल."
एवढंच.
मी म्हटलं, मागं घे. पुन्हा तेच.
"चुकलंय," मी म्हटलं.
पोरगं म्हणालं, "आजोबा, ते कंपनीनं लिहिलंय."
"मग कंपनी चुकलीय."

इलाही हल्ली लेकीकडं इचलकरंजीला असतो.
फोन केला. ऐकू कमी येतं.
"कुठला पिक्चर?"
यान सांगितलं, मीठ सांगितलं, दोर सांगितला.
"आठवत न्हाई गा. त्या सालात शेंगा लई सादळल्या हुत्या.
दत्तूकडं माझं पावणेदोन रुपये हाईत."
दत्तू जाऊन नऊ वर्षं झाली, हे मी सांगितलं नाही.
मी देतो, म्हटलं.

रात्री पुन्हा लावला, एकट्यानं.
खालच्या ओळींवर पुठ्ठा टेकवला,
आवाज बंद केला,
आणि दोर ताणला जाईपर्यंत
दाराचे बोल्ट मोजत बसलो.
पाचच आहेत अजून.