एक दात, फणसाचा

फेलिसियानो मडगावहून पोत्यात घालून घेऊन आला
तेव्हा आईला वाटलं, फणस.
जानेवारीत कुठला आला फणस, असं म्हणत म्हणत
ती तेलाची वाटी शोधायला वळलीसुद्धा.

लाकडाचा निघाला.
मधून पोकळ, आत आडवी मूठ,
बाहेर सगळीकडून दात, ओळीओळीने,
अंगठ्याच्या पेराएवढे, टोकं झिजलेली.
एक पडलेला.

"इटलीचा," फेलिसियानो म्हणाला.
"हातात चढवायचा आणि चेंडू हाणायचा.
चामड्याचा चेंडू, वारं भरलेला, एवढा."
दोन्ही हातांनी त्याने जे दाखवलं ते कलिंगड होतं.
मुरगावच्या बंदरात लढाईच्या दिवसांत
अडकून पडलेल्या बोटीवरचा कुणी खलाशी
तांदळाच्या बदल्यात देऊन गेला म्हणे.
फेलिसियानो प्रत्येक वस्तूला एक बोट जोडून देतो.
आमच्याकडूनच नेलेल्या पाटालाही त्याने
एकदा लिस्बनहून आणलं होतं.

"दात बसवून दे, मेस्ता. तोंड भरलेलं असलं
की गिऱ्हाईक भाव पाडत नाही."

बाबांनी तीन दिवस त्याला हात लावला नाही.
रंध्याच्या कातरणांत तो पडून होता,
मांजर हुंगून गेलं,
शेजारचा सांतान विचारून गेला, "हें कितें रे?"
आणि उत्तर न ऐकताच गेला.

चौथ्या दिवशी बाबांनी आत हात घातला.
उजवा.
काढला.
दाराकडे बघितलं.
मग डावा घातला, आणि तो गेला
जसा पावलात जुना जोड जातो.

मुठीवर अंगठ्यासाठी एक खळगा होता.
कुणी कोरलेला नाही. घामाने, वर्षांनी पडलेला,
आणि नेमका ज्या बाजूला पडायला हवा
तिथे नव्हता, दुसरीकडे होता.
"डावरा होता गो हा," बाबा म्हणाले,
मला नाही, लाकडाला.

सातव्या वर्षी देवळातल्या पंगतीत
डाव्या हाताने घास उचलला म्हणून
तापलेली पळी लागली होती त्यांना. मनगटावर अजून आहे.
गिऱ्हाईक समोर असलं की बाबा उजव्या हाताने करवत धरतात
आणि काम संथ होतं, लोक म्हणतात, काय नेट आहे!
खरं काम ते कवाड लोटून करतात.
मला माहीत आहे. त्यांच्या एकट्याच्या कामातल्या
करवतीच्या रेघा उलट्या कलतात.

त्या संध्याकाळी त्यांनी सांतानच्या पोराला हाक मारली.
"टाक तुझा फुटबॉल. पायाने नको. हाताने. माझ्याकडे."
पोराने टाकला. पहिला छातीवर आदळला.
दुसरा दातांना लागून न्हाणीच्या डोणीत.
तिसऱ्याला आवाज झाला,
ओल्या पखवाजावर बसावी तशी थाप,
आणि चेंडू पोदेराच्या कौलांवरून पलीकडे गेला.
दोन कौलं गेली. पोर ओरडत सुटलं.
बाबा तसेच उभे, हात उचललेला,
पन्नाशीच्या माणसाच्या दंडात
काहीतरी थरथरत होतं. मला हसू येत होतं.
मग नाही आलं.

दात त्यांनी फणसाच्या लाकडाचा केला,
कूस तासून, ठोकून, सरसाचा थेंब न वापरता.
पिवळाधमक. काळ्या अक्रोडी तोंडात
दुधाच्या दातासारखा.

फेलिसियानो वैतागला. "रंग तरी लाव!
चहाच्या पाण्यात बुडव, काजूचं तेल चोळ,
हा तर ओळखू येतो!"
"काळवंडेल," बाबा म्हणाले. "फणस आपसूक काळवंडतो.
वीसेक वर्षं थांब."

पावती फाडायला त्यांनी पेन घेतलं.
फेलिसियानो समोरच उभा होता, दार उघडं होतं,
सांतान कौलांचे पैसे मागायला येऊन थांबला होता.
बाबांनी डाव्या हाताने लिहिलं,
अक्षर हळू, थोडं वाकडं:
एक दात, फणसाचा. रु. दीडशे.
खाली दुसरी ओळ:
दोन कौलं.