डावा पाय

उचगावच्या पुलाजवळ, मुजावरच्या टायरच्या दुकानाबाहेर
आम्ही तिघं बसतो संध्याकाळी,
दस्तगीर उस्ताद, आण्णाप्पा आणि मी.
बूड टेकायला एक जुनं टायर, आत हवा नाही,
आमच्यासारखंच, असं आण्णाप्पा रोज म्हणतो
आणि रोज एकटाच हसतो.

गोष्टी त्याच.
शाहूपुरीत गूळ भरायचा, तीस-तीस किलोचे रवे,
ताडपत्रीखाली उन्हानं फळ्यांना पाझर सुटायचा,
करूळ घाट उतरेपर्यंत मुंग्याही
आमच्याबरोबर कोकणात.
येताना जांभा चिरा. अंगावर धूळ अशी
की घरची पोरं दारात ओळखायची नाहीत.
आंघोळ केल्यावरही ओळखायची नाहीत, म्हणतो आण्णाप्पा.
हे मात्र तो हसून म्हणत नाही.

स्टेअरिंग इतकं जड, की वळणावर उठून उभं राहायचं,
सगळं वजन टाकायचं,
रहाटाला लोंबकळल्यागत.
गिअर मागायचा, तो द्यायचा नाही.
क्लच, न्यूट्रल, जरा रेस, परत क्लच,
मग दबक्या आवाजात एक शिवी.
शिवीशिवाय दुसरा पडलाच नाही कधी.

मी तेव्हा क्लिनर. वय चौदा, कागदावर अठरा.
दगड घेऊन चाकामागं पळायचं,
रेडिएटरला पाणी घालायचं,
आणि उस्तादला झोपू द्यायचं नाही.
हे शेवटचं सगळ्यात अवघड.
गप्पा संपल्या की गावातली भांडणं सांगायचो,
ती संपली की नवी लावून द्यायचो.
एकदा गगनबावड्याच्या अलीकडं, धुक्यात,
मलाच डुलकी लागली.
डोळे उघडले तर गाडी उभी,
उस्ताद बॉनेटवर बसून बिडी ओढतोय
आणि माझ्या अंगावर त्याची घोंगडी.
'तू झोपलास म्हणून थांबलो,' म्हणाला,
'एकट्यानं जागायचं भ्या वाटतंय.'

काल त्याचा नातू तौफिक नवी गाडी घेऊन आला.
चौदा चाकं. केबिनमध्ये गारवा. डिझेलबरोबर युरिया पिते.
'उसाला घालतात त्यो?' आण्णाप्पानं विचारलं.
'तसलाच काहीतरी.'
'मग उतारा चांगला पडत असंल.'

उस्तादला आम्ही दोघांनी खालून रेटलं,
तौफिकनं वरून ओढलं.
बसला. स्टेअरिंगला बोट लावलं, तर ते फिरलंच;
दचकून हात मागं घेतला,
झोपलेल्या पोराला चुकून धक्का लागावा तसा.
मग डावा पाय
खाली काहीतरी चाचपत राहिला.
'क्लच नाही दादा. गिअर तिचा तीच टाकते.'
'व्हय, व्हय,' म्हणाला उस्ताद.
पाय काही ऐकेना.

त्यानं डोळे मिटले.
कुठल्या वळणावर होता कोण जाणे,
ओठ हलत होते, बहुतेक दुसरा गिअर.
तेवढ्यात काचेजवळचं एक बारकं भिंग
टीं टीं करून ओरडायला लागलं.
'कॅमेरा हाय. ड्रायव्हरचे डोळे मिटले की बोंबलतो.'
आण्णाप्पाला हसू आवरेना.
मी बघत राहिलो त्या भिंगाकडं.
माझी नोकरी मिळालीय त्याला,
बरी करतंय, माझ्यापेक्षा बरी.
त्याला डुलकी लागणार नाही,
त्याच्यासाठी धुक्यात गाडी थांबवावी लागणार नाही कुणाला.

उतरताना उस्तादनं दाराच्या पत्र्यावर थाप मारली,
म्हशीच्या पाठीवर मारतात तशी.
'चांगली हाय,' म्हणाला.
बराच वेळ गप्प.
'शिवी लागत न्हाई.'